लेमानाच्या अंगणातली चटई

"पोलोफेसा, आज खिडकी उघडू नका," मेले दाराबाहेरून म्हणाली.

मी अंथरुणात उठून बसलो. नुकतं उजाडत होतं. मेले माझ्या घरमालकाची बायको. एरवी सकाळी तिचा आवाज अंगणभर घुमायचा. आज ती कुजबुजत होती.

"का? काय झालं?"

"उघडू नका, एवढंच."

तिची पावलं लांब गेली. थोड्या वेळाने घरामागे पिकअप गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तोही रस्त्याने दूर गेला.

मी भित्रा माणूस. कोणी उघडू नका म्हटलं की सहसा उघडत नाही. पण त्या दिवशी बाहेर फारच शांत होतं. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. मी झडप बोटभर वर केली.

अंगणाच्या मधोमध काहीतरी पसरलेलं होतं. आधी वाटलं, कोणीतरी वाळवण घातलंय. मग दिसलं की ती मोठी चटई आहे आणि तिच्या खाली दोन उंचवटे आहेत. बाजूला सरपणाची मोळी, काळ्या गोल दगडांची रास आणि केळीची हिरवी पानं रचून ठेवलेली. मी बघत असतानाच त्या उंचवट्यांनी श्वास घेतला.

चटईच्या कडेला लाल पिसांची झालर होती. ती ओळखली आणि माझ्या हातातून झडप सुटली. ती चटई पेनीनाची होती.

पॅसिफिकमधल्या सामोआत मी मृदाशास्त्र शिकवायला गेलो होतो. कोल्हापूरच्या कॉलेजात निम्मं आयुष्य काढल्यावर पन्नाशीत अचानक ही नोकरी मिळाली. इतक्या लांब मी कसा गेलो, याचं मला अजून नवल वाटतं. हेर्लेकर हे आडनाव तिथल्या जिभेला जमेना, म्हणून सगळे मला पोलोफेसा म्हणत. म्हणजे प्रोफेसर.

पेनीना आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होती. उंच, रुंद खांद्यांची, कानामागे कायम एक पांढरं फूल. आपल्याकडच्या अनंतासारखं, वासही तसाच. मुलगा म्हणून जन्माला येऊन बाई म्हणून जगणाऱ्या माणसांना तिथे फाफाफिने म्हणतात. घरोघरी एखादी असते आणि कोणाला त्याचं विशेष वाटत नाही. मला मात्र पहिले काही दिवस तिच्याशी कसं बोलावं हेच कळेना. मी पुस्तकं पुढे करायचो आणि मान खाली घालायचो. शेवटी तीच म्हणाली, "प्रोफेसर, मला पेनीना म्हणा. त्यात अवघड काही नाही."

जेवणाच्या सुट्टीत ती ग्रंथालयामागच्या झाडाखाली ही चटई विणत बसायची. केतकीच्या पानांचे दोऱ्यासारखे बारीक पट्टे. बहिणीच्या लग्नासाठी चाललं होतं. अशी चटई विणायला वर्षं जातात आणि त्यांच्याकडे तिचं मोल आपल्याकडच्या सोन्याच्या वर.

आणि पेनीना फुटबॉल खेळायची. पुरुषांच्या टीममध्ये, सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध. आदल्या आठवड्यात सोमवारी कोचने देशाच्या टीमची नावं वाचून दाखवली, त्यात तिचं नाव होतं. पुढच्या आठवड्यात शनिवारी राजधानीत, आपियात, पात्रता फेरीची मॅच होती. तिच्यासारखं कोणी त्याआधी देशासाठी खेळलं नव्हतं. तिच्याच जागेवर राखीव म्हणून ज्याचं नाव होतं तो मालाकी. लेमाना आणि मेलेचा थोरला मुलगा. मी ज्यांच्या घरी राहत होतो त्यांचा.

देशाच्या मॅचआधी एक गावची मॅच उरली होती. पेनीनाचं गाव विरुद्ध मालाकीचं. मी दोन्हीकडचा, म्हणून गेलो.

मैदानात उतरण्याआधी तिने कानामागचं फूल काढून माझ्या हातात दिलं.

"सांभाळा. पुस्तकात ठेवू नका, चपटं होईल."

"नाही ठेवणार."

"तुमच्या गावात फुटबॉल वेड्यासारखा खेळतात म्हणालात ना? मग तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात?"

"मी माडीवर बसून वाचायचो. खालून आरडाओरडा ऐकू यायचा."

ती इतक्या जोरात हसली की पंचाने वळून पाहिलं.

मॅचमध्ये लेमानाच्या गावची पोरं तिच्या मागे लागली होती. "पेनीना, तुझी लिपस्टिक पुसली गं!" "पेनीना, बांगड्या फुटतील, जपून!" मालाकी तिच्या खांद्याला खांदा घासत सारखं काहीतरी पुटपुटत होता. मला ते बघवेना. सवयीने खिशातलं पुस्तक काढलं. एक पान वाचलं, दुसरं लागलं, आणि आवाज झाला. वाळकी फांदी गुडघ्यावर धरून मोडावी तसा.

मान वर केली तेव्हा मालाकी गोलच्या खांबापाशी पडला होता आणि पेनीना त्याच्या अंगावर. लोक ओरडत धावत होते. "तिने मोडला! तिने पाय मोडला!"

दवाखान्यात लेमानाने मुलाला विचारलं, "तिने मारलं?" मालाकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेच उत्तर धरलं गेलं.

घरी आल्यावर पाहिलं, तर फूल मी पुस्तकातच ठेवलं होतं.

म्हणजे अंगणात चटईखाली पेनीना होती.

मी कसाबसा सदरा चढवून बाहेर आलो. लेमानाचं बैठकीचं घर तिथल्या रिवाजाप्रमाणे भिंतींशिवायचं, नुसत्या खांबांवर उभं. तो घराण्याचा प्रमुख. कडेला मांडी घालून बसला होता, कमरेला लुंगी, मांडीवर नारळ तोडायचा लांब कोयता. मागे त्याचे भाऊ, पुतणे. रस्त्याच्या कडेला सगळं गाव उभं. कोणी बोलत नव्हतं.

"बसा," लेमाना म्हणाला.

मी बसलो. "हे काय चाललंय?"

"माफी मागताहेत. पेनीना आणि तिचा मामा, तोए. तो त्यांच्या घराण्याचा प्रमुख."

"आणि ती लाकडं? दगड?"

"रविवारी आपण काय करतो त्यांचं?"

दर रविवारी मी ते बघत होतो. लाकडं पेटवायची, दगड लालभडक तापवायचे, त्यावर डुक्कर ठेवायचं आणि पानांनी झाकायचं. 

"म्हणजे..."

"म्हणजे आमच्याकडून चूक झाली. तुमच्या मनात असेल तर आम्हाला भाजा आणि खा. सोबत सरपणही आणलंय." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "घाबरू नका. भाजत नाही कोणी. पण माझ्या आजोबांच्या वेळी एकदा चटई उचलली नव्हती. दगड उचलले होते."

"आणि उचलली तर?"

"तर मिटलं. पुन्हा कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. नाही उचलली तर आमची पोरं आहेत, त्यांची पोरं आहेत." त्याने मागे न बघता हात हलवला. मागे पुतण्यांच्या हातांतही कोयते होते. "तुमच्याकडे काय करतात असं झालं की?"

"पोलिसांत जातात. मग कोर्टात."

"मग?"

"मग वाट बघतात. दहा-पंधरा वर्षं."

"आणि तोवर रोज एकमेकांची तोंडं बघतात?"



ऊन अंगणात उतरलं. चटई विणताना ती म्हणायची, इतकी बारीक वीण की पाणी झिरपणार नाही. आता खाली हवा तरी जात असेल का, असं माझ्या मनात येत होतं. मी छत्री आणायला उठलो.

"बसा, पोलोफेसा. तुम्ही या घरचे पाहुणे आहात, त्यांचे नाही."

मी पुन्हा बसलो.

"तुम्ही मैदानावर होता," लेमाना म्हणाला. "काय पाहिलंत?"

"मी... वाचत होतो."

"फुटबॉलच्या मैदानात?"

"हो."

त्याने डोळे मिटले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मग ऐकलंत काय?"

"मोडल्याचा आवाज. मग मालाकी ओरडला. मग पेनीना ओरडत होती, की हलवू नका, कोणी त्याचा पाय हलवू नका. त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं."

 लेमानाने कोयता बाजूला ठेवला आणि उभा राहिला. तो उभा राहिला तशी रस्त्यावरची माणसं पाऊलभर पुढे सरकली.

"तोए!" त्याचा आवाज चढला. "तुझं सरपण मला नको. पेनीनाने एवढंच गावासमोर म्हणावं, की मी पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाही. म्हटलं की मी चटई उचलतो."

शनिवार चार दिवसांवर होता. 

चटईखालून आधी म्हाताऱ्याचा खोल गेलेला आवाज आला. "लेमाना, आम्ही शिक्षा घ्यायला आलोय. सौदा करायला नाही."

मग पेनीनाचा. "त्याचा पाय मोडला म्हणून मी बसलेय. मी खेळते म्हणून नाही."

रस्त्यावर कुजबुज उठली. लेमानाचा एक पुतण्या पुढे झाला. त्याच्या हातात काय आहे ते मला कळेपर्यंत ते सुटलंही होतं. काळ्या राशीतला दगड चटईवर धप्पकन आपटला. उजवीकडचा उंचवटा हलला, खाली गेला, आणि हळूहळू पुन्हा वर आला.

"बस!" लेमाना ओरडला. पुतण्याच्या मनगटावर त्याने अशी थाप मारली की तो कळवळला. पण चटईकडे मात्र तो गेला नाही. जागेवर येऊन बसला.  मी डोळे झाकले होते. बोटांच्या फटीतून पाहिलं, तर पिसांच्या झालरीपाशी एक लाल डाग पसरत होता आणि तो पिसांचा नव्हता.

तेवढ्यात पिकअप आली.

मेले गाडी चालवत होती. ती उतरली आणि नवऱ्याकडे न बघता मागचं फळकूट खाली पाडलं. मागे गादीवर मालाकी. अंगात दवाखान्याचा सदरा, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर.

"डॉक्टरांनी सोडलं?" लेमानाने विचारलं.

"नाही," मेले म्हणाली.

"मग कशाला आणलंस त्याला?"

"मी नाही आणला. आपल्या अंगणात कोण बसलंय, एवढंच त्याला सांगितलं. तोच उठला."

दोघा पुतण्यांनी मालाकीला खाली उतरवला. काखेत कुबडी देऊन तो उभा राहिला. आम्हाला वाटलं, बापाकडे येईल. तो अंगणाकडे वळला. चार ढांगा टाकल्या आणि पडला. कोणी उचलायला धावलं, तर त्याने हात झटकला. मग खडीवरून कोपरांवर सरपटत, प्लास्टरचा पाय मागे ओढत तो चटईपाशी गेला. तिची कड वर केली आणि आत शिरला.

आता चटईखाली तीन उंचवटे होते आणि एका बाजूने पांढरा पाय बाहेर आला होता.

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. असं काही त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. ज्याला लागलंय तोच मारणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलेला. मी लेमानाकडे पाहिलं. तो आ वासून बघत होता.

"मालाकी! बाहेर ये."

"नाही."

"ती तुझी चटई नाही."

"माझीच आहे."

लेमाना अंगणात उतरला. आता त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. पोराला बाहेर काढायचं तर चटई उचलायला हवी. तो बराच वेळ उभा राहिला. मग वाकला, दोन्ही हातांनी कड धरली आणि ती वर घेतली.

तोएचं टक्कल घामाने चमकत होतं. पेनीनाचे केस कपाळाला चिकटलेले, भुवईच्या वर चामडं फाटलेलं. मालाकीने तोंड जमिनीला टेकवलं होतं.

"बोल," लेमाना म्हणाला.

"तिने मला मारलं नाही." मालाकी मान वर न करता बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू येत होतं. "चेंडू तिकडे लांब होता. मी तिच्या गुडघ्यावर गेलो. तिने उडी मारली. माझा पाय खांबावर बसला. मग ती माझ्या अंगावर पडली."

"तिच्या गुडघ्यावर? कशासाठी?"

"तिला लागलं असतं तर शनिवारी मी खेळलो असतो." थोडं थांबून तो म्हणाला, "सगळे म्हणत होते, तुझी जागा एका बाईने नेली."

 लेमाना पेनीनाकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या पायावर आला, मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? तीन दिवस?"

"कोणाला सांगू? तुमच्या गावाला?" तिने हाताच्या पाठीने भुवई पुसली. "आणि मी सांगितलं असतं, लेमाना, तर तुम्ही याचं काय केलं असतंत?"

लेमानाने बैठकीकडे पाहिलं. कोयता अजून तिथेच होता.

"तुझी चूक नव्हती," तो म्हणाला. "मग इथे का बसलीस?"

"पाय तर मोडला होता ना," पेनीना म्हणाली. "कोणीतरी बसायलाच हवं होतं."

पुढे जे झालं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, आणि तरी वाटतं, मी नीट पाहिलं का? लेमानाच्या हातात चटई तशीच होती. त्याने ती खाली ठेवली नाही. तो तोए आणि पेनीनाच्या समोर गेला, गुडघे टेकले, खडीवर बसला, पुढे वाकला, आणि ती चटई त्याने स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली.

घराण्याचा प्रमुख. स्वतःच्या अंगणात. सगळ्या गावासमोर.

मागून त्याचा भाऊ ओरडला, "लेमाना!" चटई हलली नाही. मग मेले चालत गेली आणि नवऱ्याच्या शेजारी चटईच्या आत शिरली. मग त्याचे भाऊ एकेक करून आले आणि मागे खडीवर माना खाली घालून बसले. ज्याने दगड मारला होता तो पुतण्या सर्वांत शेवटी आला. बैठकीत मी एकटाच उरलो. मी काय करावं हे मला कळेना, म्हणून मीही खाली उतरून सगळ्यांच्या मागे बसलो.

रिवाजाने चटई तोएने उचलायची. म्हाताऱ्याने पेनीनाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

पेनीना उठली. पाय आखडले होते, दोनदा वाकवून सरळ केले. ती चटईकडे गेली नाही. सरपणापाशी गेली. मोळीतलं एक लाकूड उचलून हातात तोललं. पानांवर नजर टाकली. काळ्या दगडांना पायाच्या अंगठ्याने ढोसलं.  तिने वाटेल ते केलं असतं तरी त्या दिवशी तिला कोणी अडवलं नसतं.

"लाकडं आहेत," ती म्हणाली. "दगड आहेत. पानंही आहेत."

कोणी हललं नाही.

"मेले, मग भाजायला टाका काहीतरी. पहाटेपासून पोटात काही नाही."

आणि तिने चटई उचलली.

लेमाना उठला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता, घामाने की कशाने ते मी विचारलं नाही. तोए आणि त्याने एकमेकांच्या गळ्यात हात घातले. मेलेने पेनीनाच्या भुवईवर खोबरेल लावलं आणि बडबडत राहिली, "एवढी चांगली चटई, बघ गं, रक्त लागलं. मी काढून देते डाग." मालाकीला बैठकीत उशीवर टेकवला. दुपारी सगळे एकत्र जेवलो. त्या दिवसानंतर गावात कोणी हा विषय काढला नाही. मी तिथे होतो तोवर एकदाही नाही.

शनिवारी आपियाच्या मैदानावर मेले माझ्या शेजारी बसली होती. पलीकडे लेमाना, त्याच्या पुढच्या बाकावर पाय पसरून मालाकी. मी पुस्तक आणलं नव्हतं. पेनीना टीमबरोबर बाहेर आली. भुवईवर पट्टी होती. आम्हाला पाहून कुंपणाशी आली, कानामागचं फूल काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"या वेळी तरी?"

"या वेळी नक्की."

पाहुण्या टीमची पोरं तिच्याकडे बोट दाखवून एकमेकांना कोपरं मारत होती. त्यांचा आघाडीचा खेळाडू दांडगा होता. पहिल्याच मिनिटाला त्याला चेंडू मिळाला आणि तो सरळ तिच्या अंगावर धावत सुटला. ती त्याच्यासमोर एकटी. माझे डोळे आपोआप मिटले.

मेलेने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "पोलोफेसा, बघा की!"

मी डोळे उघडले. तो गडी गवतावर लोळत होता आणि पंचाने शिट्टी वाजवली नव्हती. चेंडू तिच्या पायाशी होता. मालाकी कुबडी उंच धरून घसा फुटेपर्यंत तिचं नाव ओरडत होता.

मी खाली पाहिलं. मुठीतल्या फुलाचा पार चोळामोळा झाला होता.